दोघांना हर्निया

आमचे घरमालक भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत. जिल्ह्याने मारत. मी परभणी. शेजारच्या खोलीत सांगली. आणि टोकाच्या खोलीत, एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा, भंडारा. "वो परभनी, दिवा जळतुया बगा!" अशी आरोळी आली की मी पळत जाऊन दिवा बंद करायचो. भंडाऱ्याने एकदा त्यांना आपलं खरं नाव सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "नाव कशाला धेनात ठिवायचं? तुमी आज हाय, उद्या न्हाई. तुमी गेल्यावर दुसरा भंडारा यील."

घोटावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत त्यांची वस्ती होती. शेरडं-मेंढरं, थोडं भातखाचर, एक विहीर, आणि आसपास कारखाने आल्यावर बांधलेल्या ओळीने तीन खोल्या. खोल्या त्यांनी स्वतःच्या अकलेने बांधल्या होत्या. तिन्ही खोल्यांना खिडकी एकेकच, आणि तीही मागच्या बाजूला, शेळ्यांच्या गोठ्याकडे. का, तर "रस्त्याकडं काय बगायचं? हितं निदान जनावरं दिसत्यात."

जनावरं दिसत, हे खरं आहे. माझ्या खिडकीतून विशेषेकरून त्यांचा बोकड दिसायचा. या बोकडाचं पंचक्रोशीत नाव होतं. लोक पार माले गावापासून टेंपोत शेळ्या घालून आणायचे, रविवारी तर रांग लागायची. मालक कडेला उभे राहून प्रत्येक शेळीवाल्याला छातीठोक सांगायचे, "गाबन ऱ्हानारच. न्हाई ऱ्हायली तर पुन्यांदा आना." लग्नाला पाच वर्षं होऊन ज्याच्या घरात पाळणा हललेला नाही, अशा माणसाने सकाळचा चहा कुठल्या खिडकीत बसून प्यावा, याचे काही नियम असायला हवेत. मला दुसरी खिडकीच नव्हती.

खोली मला मिळाली कशी, तेही सांगतो. करारबिरार काही नाही. मालकांनी मला फक्त विहिरीपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. माणूस असो की मेंढरू, चालीवरून घ्यावं, असं त्यांचं मत. मी ऐटीत गेलो आणि येताना लेंड्यांवरून घसरून पडलो. सांगली-भंडारा खिडकी नसलेल्या बाजूला उभे होते, त्यामुळे त्यांना सगळं नीट दिसलं. म्हटलं, गेली खोली. मालक म्हणाले, "उद्याच्याला सामान आना. पडला, पन कुनाला शिवी दिली न्हाई."

मालकांना कसलंही व्यसन नव्हतं. दवाखाना सोडून. स्वतः ते सागाच्या ओंडक्यासारखे ठणठणीत, डोकं दुखलेलंसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. पण दुसरं कुणी आजारी पडलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. इस्तरीची पैरण, ठेवणीतली कडक टोपी, पिशवीत भाकरी, आणि निघाले. आधी पाहुण्यांचा आजारी, मग त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, मग ज्याला भेटायला कुणीच आलं नाही तो. पौडापासून पुण्यापर्यंतचे वॉर्डबॉय त्यांना रामराम घालायचे. डॉक्टरांवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "डाक्टर काय, येतो आन् जातो. मानूस बरा हुतो त्यो शेजारी बसनाऱ्यामुळं."

आता बघा, अशा माणसाच्या खोलीत राहून मी एक आजार लपवायला निघालो होतो.

मी जवळच्याच कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पीस मापात बसत नाहीत म्हणून लाल पेटीत टाकायचे. मूल होईना म्हणून गाठलेल्या कोथरूडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मॅडमच्या सगळ्या तपासण्या नंतर. आधी तुमची एक करू." एक बाटली दिली. घरून आणलंत तरी चालेल, पण तासाच्या आत पोचायला हवं आणि अंगाची ऊब राहायला हवी. मी बाटली बनियनच्या आत, छातीशी धरली, वरून शर्टाची बटणं लावली आणि स्कूटरला किक मारली. वाटेच्या तोंडाशी मालक उभे. टोपी ठेवणीतली.

"परभनी, कोथरुडाकडं न्हवं?"

नाही म्हणायची सोयच नव्हती. भाडेकरूच्या स्कूटरची मागची सीट मालकांची, हे खोली घेतानाच गृहीत असायचं. घोटावडे फाट्याला खांद्यावर थाप पडली: एकाच्या बापाचा मोतीबिंदू होता, त्याची चौकशी. पिरंगुटला एकाचा मूळव्याध. भूगावात एक बाई अंगणात कुरडया घालत होती, तिच्या जावयाची किडनी. प्रत्येक थांब्याला माझा हात छातीवर.

"छातीत दुकतंय का?"

"नाही."

"मग हात?"

"थंडी वाजतेय."

मे महिना होता. मालकांचे डोळे एकदम लकाकले. चांदणी चौकापर्यंत ते मला हृदयाच्या तीन दवाखान्यांची माहिती देत राहिले. कुठल्या दवाखान्यात बसायला गादीच्या खुर्च्या आहेत, तेही सांगितलं.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू: शून्य.

मी तो आकडा सरळ मालकांच्या नावावर मांडला. मोतीबिंदूने निम्मे मारले, मूळव्याधाने उरलेले, आणि किडनीने तर कहर केला. महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. ते बिचारे माझ्या बायकोला विचारायचे, "पोरी, परभनीचं काय बिनसलंय? पोट साप हुतंय का?" मग दुसरी तपासणी झाली, ती दवाखान्यातच, कडी न लागणाऱ्या एका खोलीत, दाराला पाठ लावून. पुन्हा शून्य. मालक निर्दोष सुटले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुरुषाचं बीज बाहेर येत नाही याचा अर्थ ते आत अजिबात नाही असा होत नाही. कधीकधी अंडकोषात एखाद्या कोपऱ्यात थोडंफार तयार होत असतं. सुई घालून किंवा बारीक छेद घेऊन ते काढायचं, दुर्बिणीखाली शोधायचं, आणि एकेक शुक्रजंतू बायकोच्या एकेका बीजात सोडायचा. तिची बीजंही त्याच दिवशी काढायची, भूल देऊन. त्याआधी रोज इंजेक्शनं. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "एकदा करीन. एकदाच. परत मला विचारायचं नाही." ती असं म्हणते तेव्हा तसंच असतं. परभणीहून इतक्या लांब येतानाही ती एकदाच 'ठीक आहे' म्हणाली होती.

रजा मागायला, वस्तीवर सांगायला काहीतरी हवं होतं. मी हर्निया निवडला. हर्निया हा सभ्य आजार. मुक्काम जवळपास त्याच गावात, आणि पत्ता कुणी खोदून विचारत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो. जायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी मालक दारात आले.

"तुमचा हर्निया कळला. पन पोरगी कशाला पिशवी भरतीया?"

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "तिलाही आहे."

"काय?"

"हर्निया."

"दोगांस्नी?"

"दोघांना."

"येकदम?"

"हो."

मालकांनी मान वळवून विहिरीकडे पाहिलं. "पानी," ते एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं. त्यांनी ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायची पांढरी टीसीएल पावडर पोतंभर आणली आणि अंदाजाने टाकली. शेरडांनी पाण्याला तोंड लावायचं सोडलं. सांगली आणि भंडारा यांना पौडाला नेऊन तपासून आणलं. सांगली साफ होता. भंडाऱ्याला खरोखरच थोडा निघाला. त्यानंतर विहिरीबद्दल कुणाच्याही मनात शंका उरली नाही.

"एकट्यापुरता ठेवायचा होता हर्निया," बायको त्याच रात्री दिवा मालवताना म्हणाली होती, "तर तो मलाही वाटून दिलात."

निघायच्या दिवशी सकाळी मालक रिक्षात आमच्या आधी जाऊन बसले होते. दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी भिंती निरखल्या. चारी भिंतींवर गुटगुटीत पोरांचे फोटो.

"हर्नियाच्या मानानं पोरं लई हायेत," ते म्हणाले.

"डॉक्टरांना हौस आहे."

"असंल," असं म्हणून ते दारासमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "आज मॅडमची बीजं बाहेर काढतोय. तुमच्यातून काही मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर दोनच वाटा. एक तर ही बीजं वाया जातील, नाही तर दुसऱ्या कुणा पुरुषाचं बीज वापरायचं. तसं असेल तर मला संध्याकाळच्या आत सांगा." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मिळेल." कारखान्यातही मी असंच करायचो. ज्या पीसबद्दल ठरवता येत नसे, तो तिसऱ्याच पेटीत टाकायचो.

तिला आत नेलं. मग मला. जागा बधिर केली होती, पण कान शाबूत होते. शेजारच्या लॅबला एक लहानशी खिडकी होती. डॉक्टर सुईने थोडं काढायचे, बशीत घालून खिडकीतून द्यायचे. आत लॅबमधल्या बाई दुर्बिणीवर वाकलेल्या. "बघा." जरा वेळाने उत्तर: "नाही." दुसरी बाजू. "बघा." "नाही." एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीचा सूर होता अगदी. मग सुई ठेवली आणि छेद घेऊन बारीक तुकडे काढले. "बघा." या वेळी नाही आलं नाही, "बघत्ये" आलं. आणि मग काहीच येईना. मला बाहेर पडद्याआडच्या खाटेवर आणून टाकलं. पलीकडच्या खाटेवर बायको भुलीत झोपली होती. तिची अकरा बीजं आतल्या पेटीत उबेला ठेवली होती आणि माझ्याकडून अजून त्यांना भेटायला कुणी आलेलं नव्हतं.

मालक पडदा सारून आले. टोपी नीट केली, स्टूल ओढलं.

"मालक," मी म्हणालो, "हर्निया नाहीये."

"ठावं हाय. भाईर पाटी हाय. सकाळधरनं वाचतुया, आत्ताशी सपली." त्यांनी आवाज खाली आणला. "वंध्यत्व. लई जोडाक्षरं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कमरेखाली बधिर असलेल्या माणसाला लाज जरा कमी वाटते. सुई, छेद, बशी, बायकोचं 'एकदाच', डॉक्टरांच्या दोन वाटा. मालक मान हलवत ऐकत होते. माझं झाल्यावर मी वाट पाहिली. म्हटलं, जन्म जनावरांत काढलेला माणूस आहे. आता काहीतरी लाखमोलाचं बोलेल, जे मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत फिरेन.

"तुम्हाला काय वाटतं?" मीच शेवटी विचारलं.

"मला नगा इच्यारू," मालक म्हणाले. "म्या खिडक्या मागनं काडल्या."

मग त्यांनी पडद्याच्या फटीतून आतल्या दाराकडे पाहिलं.

"आन् त्ये हुडकतंय कोन?"

"आत एक बाई आहेत."

"येकलीच?"

"एकट्याच."

"सकाळधरनं?"

"हो."

"जेवली का?"

मला काय माहीत! मालक उठले, पिशवी घेतली आणि पडद्याबाहेर गेले. पुढचं मी फक्त ऐकलं.

"बाबा, तिकडे जाता येणार नाही." हा वॉर्डबॉय.

"म्या न्हाई जात. तिला भाईर बोलीव."

दार उघडल्याचा आवाज. लॅबमधल्या बाईंचा आवाज तापलेला होता. "काय आहे? कोण तुम्ही पेशंटचे?"

"घरमालक."

नवरा, भाऊ, सासरा यांना कसं घालवायचं हे बाईंना माहीत असणार. घरमालकासाठी दवाखान्यात काही तरतूद नव्हती.

"बस हितं. जेव."

"अहो, मला वेळ नाहीये! एक बशी राहिलीय अजून, ती बघू दे."

"ती कुटं पळून चाललीया? हरवल्यालं हितंच असतंय बाय, हुडकनाऱ्याचं डोळं जात्यात. बाजरीची हाय. ठेचा तिकाट हाय, जरा जपून."

मग बराच वेळ नुसता कागदाचा आवाज. मग बाईंचा ठसका. मग मालकांचा आवाज, "म्या सांगितलं व्हतं."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. बायको जागी झाली होती, पण डोळे मिटून पडली होती, हे मला तिच्या हलणाऱ्या बोटांवरून कळत होतं. डॉक्टर आले. मास्क खाली ओढलेला.

"सात मिळाले," ते म्हणाले. "हलतायत."

बायकोने डोळे न उघडता विचारलं, "किती?"

"सात."

"मग झालं की. लागतो एकच."

डॉक्टरांनी मला नंतर नीट सांगितलं की शेवटच्या बशीतले तुकडे मुद्दामच द्रवात भिजत ठेवले होते, ते उशिराच बघायचे होते, आणि भाकरीचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे मी मालकांच्या कानावर घातलं नाही. घालून उपयोगही नव्हता. पुढे कितीतरी दिवस ते मला विचारायचे, "त्या बायचं कसं हाय? येळंवर खातीया न्हवं?"

आता प्रश्न वस्तीवर परतण्याचा होता. रिक्षातून उतरायच्या आधी मालकांनी ती फाट्यावर थांबवली आणि मला रस्त्याकडेला चालून दाखवायला सांगितलं. मी पाय फाकवून चाललो, दुसरा इलाज नव्हता. "छ्या, ही हर्नियाची चाल न्हवं," ते म्हणाले. "वस्तीवरची लोकं काय खुळी हायेत व्हय? हात हितं कमरेला लाव. वाक जरा. कन्ह." टाके ओढत असताना, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर, मी कण्हण्याची तालीम केली. बायको रिक्षात पदर तोंडाला लावून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, रडतेय. त्या तालमीत मालकांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं, आणि मग तेच कायम राहिलं.

गावरीतीप्रमाणे माणसं भेटायला आली. त्यातल्या तिघांना हर्निया होऊन गेलेला होता आणि तिघांनाही माझे टाके बघून आपल्याशी ताडून पाहायचे होते. मालक दारात ठाण मांडून बसले. "न्हाई दावायचं. टाक्याला नजर लागती." सत्य कळल्यावरही विहिरीत पावडर टाकणं त्यांनी थांबवलं नाही. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "आत्ता थांबलो तर लोकं इच्यारत्याल, का थांबला." शेरडांना त्यांनी शेजारच्या ओढ्यावर न्यायला सुरुवात केली. माझ्या एका थापेपायी तो कळप रोज एवढी पायपीट करत होता. बोकड जाता-जाता माझ्या खिडकीत बघायचा, असं मला वाटे.

गर्भ राहिल्याचं कळलं, तेव्हा मी मालकांना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांची आरोळी बंद झाली. दिवा जळत राहिला तर दारापर्यंत चालत यायचे, कडी हलकेच वाजवायचे आणि कुजबुजायचे, "परभनी, दिवा." भंडाऱ्याला वाटलं, मालक खंगत चालले. तो त्यांना दवाखान्यात घेऊन जायला तयार झाला. मालक गेलेही, आनंदाने.

मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी मालक पुण्याला आले. वॉर्डात आल्यावर एरवीसारखे इतर खाटांकडे वळले नाहीत, सरळ आमच्याकडे आले. पाळण्याशी उभे राहून बघत राहिले. बायको म्हणाली, "घ्या की मालक, उचला." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. मग स्टूलवर बसले.

"ही त्या सातातलीच न्हवं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हो."

"आन् बाकीची?"

त्या पोरीबद्दल मला तोवर शंभर माणसांनी शंभर गोष्टी विचारल्या होत्या. वजन किती, नाक कुणाचं, रंग कुणाचा, रात्री झोपते का. हे कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चार त्या बशीतच गेली. तिघांचे गर्भ झाले, तिन्ही आत ठेवले होते. त्यातली दोन राहिली नाहीत. ही राहिली."

"म्हंजी सा," मालक म्हणाले.

"सहा."

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मौतीला आलेला माणूस बसतो, तसे खाली बघत बसले. वॉर्डबॉय चहा घेऊन आला, त्यालाही त्यांनी हातानेच थांब म्हणून खुणावलं. बायकोने न बोलता पदर डोक्यावरून घेतला.

मी टोपी घालत नाही. मी चष्मा काढून हातात धरला.